घरच्या माणसाचा फॉर्म

प्रिय धाकट्या,

तुझ्या तक्रारअर्जाचा मसुदा परवा पोचला. तीनदा वाचला. भाषा नेहमीसारखीच, समोरच्याला पळायला जागा न ठेवणारी. लहानपणी गोट्यांवरून भांडतानाही तू असाच एक-दोन-तीन करत मुद्दे मांडायचास आणि मी हरायचे. मंगळवारी अर्ज द्यायचा आहे, त्याआधी मी तपशील तपासून द्यावेत असं तू लिहिलं आहेस, म्हणून बसले आहे. आज सुट्टी, दवाखान्यात पहारेकरी आणि मी. डोळ्यांची मापं घ्यायच्या खोलीत, झाकून ठेवलेल्या यंत्राशेजारी लिहिते आहे. फोन करता आला असता, पण फोनवर मी धड बोलत नाही हे आता मला कळून चुकलं आहे.

आधी आईचं सांगते. डावा डोळा गेला तो गेलाच, त्याबद्दल आता कुणी काही बोलत नाही. उजव्यातला मोतीबिंदू वाढतोय. त्याचं ऑपरेशन या वेळी नीट होऊ शकतं, त्यासाठी वेगळी गणितं आहेत, हे मी तिला दहादा सांगितलं. ती म्हणते, एक देऊन झाला, दुसरा राहू दे. गेल्या आठवड्यात लाँड्रीवाल्यांनी एक कोट पाठवला, बाहीला जळल्याचं भोक. आई खिडकीशी बसली, आतल्या शिवणीतून धागा काढला, बोटाने चाचपत वीण धरली आणि दोन दिवस रफू केलं. राखाडी कोटावर तपकिरी धागा. काढलेला धागा खाली पडला असणार आणि तिने दोऱ्यांच्या डब्यातला उचलला असणार. लाँड्रीवाले घ्यायला आले, छान झालंय म्हणाले, आणि कोट घडी न घालता घेऊन गेले. चाळीस वर्षांत तिचं रफू कुणाला दिसलं नव्हतं. आईने सुयांची डबी त्याच दिवशी कपाटात वर ठेवून दिली. मी उतरवून दिली तर म्हणाली, असू दे गं वरच, सुई हाताला लागते.

आता त्या लेझरचं. तू तीन वर्षांचा होतास, मी सहा. आईला साडेसात नंबरचा चष्मा होता. रफूच्या कारखान्यातला मालक चष्मेवाल्या बायकांना बारीक काम देत नसे, तेव्हा ती आपल्याला मावशीकडे ठेवून चार दिवस कुठेतरी गेली आणि डोळे करून आली. बाबांनासुद्धा धड सांगितलं नाही. झाकली मूठ म्हणतात तसं तिने ते सत्तावीस वर्षं झाकून ठेवलं, ऑपरेशननंतर धड दिसेना तेव्हा कुठे बोलली. फोटोच्या वेळी ती आधीही चष्मा काढायची, त्यामुळे घरात पुरावा म्हणून एक फोटो नाही. तुला आठवायचं कारणच नाही. मला मात्र आठवायला हवं होतं. तिच्या कुशीत शिरताना चष्म्याची कड गालाला टोचायची, हे मला आता आठवतंय, सगळं होऊन गेल्यावर.

लेझरने बुब्बुळाची पुढची काच घासून सपाट केलेली असते. यंत्र ती सपाट काच मापतं, नेहमीच्या हिशेबाने भिंगाची ताकद काढतं, आणि ती चुकते. मोतीबिंदू काढून ते भिंग बसवलं की माणसाला ना जवळचं दिसतं ना लांबचं. आईचं तेच झालं. मग भिंग बदलायला पुन्हा डोळा उघडला, भिंग धरून ठेवणारी आतली पिशवी फाटली, तिसऱ्या आठवड्यात मागचा पडदा सुटला, पुढचं तुला माहीत आहे. हे सगळं टाळायला आधी एकच प्रश्न विचारावा लागतो: पूर्वी डोळ्यांवर लेझर केलं होतं का. तुझ्या मसुद्यात चौथा मुद्दा तोच आहे. 'डॉक्टरांनी हा प्रश्न विचारलाच नाही.' हे तुला मी सांगितलं होतं, ऑपरेशनच्या पाचव्या दिवशी, फोनवर. तो मुद्दा खोटा आहे.

आमच्याकडे नियम आहे. फॉर्मवरचे अकरा प्रश्न पेशंटला एकेक करून मोठ्याने वाचून दाखवायचे, मग खूण करायची, मग त्याची सही. अगदी डॉक्टरांची आई आली तरी. आणि आमच्याकडे रीतही आहे: घरचं कुणी असलं की फॉर्म आपणच आधी भरून ठेवायचा, म्हणजे बिचाऱ्यांना ताटकळावं लागत नाही. सगळेच करतात. मी आईचा फॉर्म ती यायच्या आधी चहा पिता पिता भरला. अकराही ठिकाणी 'नाही'. आई आली, मी बोट ठेवलं तिथे तिने सही केली, मोतीबिंदूमुळे तिला फॉर्म वाचताही येत नव्हता. मग माप घेतलं. त्या काचेच्या गोलाईचा आकडा साधारण त्रेचाळीस-चव्वेचाळीस असतो, आईचा अडतीससुद्धा भरेना. बारा वर्षं हे काम करते आहे, धाकट्या. परका पेशंट असता तर मी तिथल्या तिथे विचारलं असतं. मी यंत्र तपासलं, ठीक निघालं. पुन्हा माप घेतलं, पुन्हा तेच. माझ्या मनात आलं, माझ्या आईचे डोळेच जगावेगळे.

डॉक्टरांनी विचारलं. आकडा बघून कागद घेऊन स्वतः या खोलीत आले आणि म्हणाले, यांचं लेझर झालंय का. मी हसले. म्हटलं, डॉक्टर, माझी आई आहे, मला माहीत नसेल का. दिव्याखाली अंधार म्हणतात, मी तर दिवाच हातात धरून उभी होते. तो फॉर्म, माझ्या अक्षरातला, त्यांच्याकडे आहे. तुझी नोटीस आली त्या दिवशी त्यांनी मला बोलावलं नाही, तो कुणाला दाखवलाही नाही. महिनाभर ऑपरेशनं बंद ठेवली आहेत. जिन्यात भेटले की आईची चौकशी करतात आणि मी लाजेने मरते.

म्हणून चौथा मुद्दा खोड आणि तिथे माझं नाव घाल. जे काय होईल ते होऊ दे, नोकरी गेली तरी मला आता तिचं काही वाटत नाही. पण पत्र त्यासाठी लिहिलं नाही. आई समजते की हे तिच्यामुळे झालं. तिने लपवलं म्हणून डोळा गेला आणि देवाने शिक्षा दिली, दुसरा डोळा वाचवायचा तिला हक्क नाही, असं तिच्या मनाने घेतलं आहे. काल तिचे केस विंचरत होते तेव्हा म्हणाली, मला त्या दिवशी कुणी विचारलं असतं ना, तर मी सांगितलं असतं गं, डॉक्टरांपासून काय लपवायचं. मी फणी तशीच फिरवत राहिले. तीन महिने मी तिला तिची चूक मानू देते आहे, कारण ती रागावली नाही तर मी काय करू आणि रागावली तर काय करू, दोन्ही मला सुचत नाही. तू सोमवारी येशील तेव्हा मी घरी नसेन, दवाखान्यात असेन. हे पत्र तिला वाचून दाखव. सगळं, अकरा 'नाही'सकट. मग तिने मला बोलावलं तरच मी येईन.

तुझीच,
ताई