डाव्या रोहिणीची चौकशी

प्रिय धाकटीस,

थोरल्या जावेचे आशीर्वाद. गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला गेला, की तोही त्यांच्यासारखा घरीच बसून आहे? आमचं बरं म्हणायचं. (सूनबाई लिहितेय. मी सांगते तेवढंच लिहिते, असं ती म्हणते.)

मध्यंतरी मला काळी उलटी झाली. इस्पितळात घशातून नळी घालून पोट बघितलं. "किरकोळ आहे," सगळे एका सुरात म्हणाले, तिथेच माझे कान टवकारले. घरी आल्यावर ऐकते तर मास्तर (आपले चिरंजीव, शाळेत शास्त्र शिकवतात ते) स्वयंपाकघरात सूनबाईला सांगत होता, "डावी रोहिणी फार त्रास देतेय, तिला बांधूनच टाकायचं. बाकीच्या तिघींवर भागेल." अगं, ह्याला सदऱ्याची बटणं धड लावता येत नाहीत, आणि चौघी? सूनबाई आपली शांतपणे भांडी पुसतेय. मी म्हटलं, ही एक तर देवमाणूस आहे, नाहीतर सामील आहे. मी त्याचे खिसे तपासले (खडू निघाले). शाळेत कोणी रोहिणीबाई आहे का, म्हणून शेजारच्या शिवणवालीला विचारलं. ती नाही म्हणाली, पण तेव्हापासून ती स्वतःच्या नवऱ्यावर नजर ठेवून आहे. शेवटी जेवताना सरळच विचारलं, ही रोहिणी कधीपासून? म्हणतो, जन्मापासून. राहते कुठे? म्हणतो, "तुझ्या पोटात, आई."

तर ती रक्ताची नळी निघाली. डॉक्टरांच्या बोलण्याचं शुद्ध मराठी करायची ह्याची जुनी खोड. पोटाला रक्त पुरवणाऱ्या अशा मोठ्या चौघी, त्यातली डावी पोटात आतून जखम झालीय तिथे फुटलीय. पुन्हा फुटली तर मी काही उठत नाही, हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. आता पोट उघडून तिला बांधायचं, आणि उरलेल्या तिघी तिचं काम उचलतील, असं डॉक्टर हसत हसत सांगतो. इतकं गोड हसणाऱ्याच्या हाती सुरी द्यावी का? आणि एकीचं काम बाकीच्या जावा तोंड वाकडं न करता उचलतात, हे त्याने कुठल्या घरात पाहिलं? मी अजून त्यांच्या संमतीच्या कागदावर अंगठा दिलेला नाही.

तुझी,
थोरली

ता. क. लगेच निघून ये. डॉक्टर तुला दाखवायचा आहे. तू बरा म्हणालीस तर अंगठा देईन.

ता. क. मी विषमज्वराने पडले होते तेव्हा सगळं घर तू एकटीने ओढलंस. तेव्हा तोंड वाकडं केलं होतंस का, ते आल्यावर डॉक्टरांसमोर सांग. खोटं सांगितलंस तरी चालेल.