कुत्र्यांपाशी कोणीतरी हवं

दि. २ एप्रिल

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझा गुडघा आता बरा आहे हे कळलं. फोनवरच विचारणार होतो, पण जन्मभर हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसलेल्या बाईला घरचा फोनसुद्धा ड्युटीच वाटते. दोन वाक्यं झाली की तू लाइन तोडतेस. पत्र निदान शेवटपर्यंत वाचशील.

विशेष हे, की मे महिन्याच्या सुट्टीत चार दिवस थीम पार्कला जायचं ठरलंय आणि तू बरोबर यायचंच आहेस. आत्या नसेल तर मीही नाही, असं भिंगरीने जाहीर करून टाकलंय. तिचं सोड, ती तुझीच भाची. पण तिच्या आईनेही (हे वाक्य तू दोनदा वाच) आपणहून तुझं नाव काढलं. आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली, सहलीचा विषय निघताच हिने तुझं नाव काढल्याचं मला तरी आठवत नाही. मला अगदी भरून आलं.

अडचण एकच. आमचे दोन्ही कुत्रे न्यायचे आहेत. मागच्या वर्षी त्यांना कुत्र्यांच्या वसतिगृहात ठेवलं, तर थोरल्या साहेबाने अन्न सोडलं आणि ते कळल्यावर हिने सोडलं. मी एकटाच जेवत होतो, त्याबद्दलही बोलणी खाल्ली. तुला साहेब ठाऊकच आहे. देह सोफ्याएवढा, मुक्कामही सोफ्यावरच. कोणी दारात आलं तर एक डोळा उघडून, उद्या या, अशा अर्थाने बघतो. धाकटा कारकून टीचभर, पण घरातली सगळी धावपळ आणि भुंकाभुंक त्याच्याकडे, आणि इमानी म्हणून नाव होतं साहेबाचं.

तर या दोघांना ठेवून घेणारं हॉटेल मिळत नाही. मला विम्याच्या ऑफिसात मान वर करायला फुरसत नाही. तुझ्या फोनवरच्या आवाजाशी खोटं बोलायची अजून कोणाची छाती झालेली नाही. पार्कजवळच्या हॉटेलांना तू फोन लावून बघशील का?

गुडघ्याला जप. आमच्यावर जो लोभ आहे तो सहलीला येताना बरोबर आण, घरी ठेवू नकोस.

तुझा
धाकटा


दि. ९ एप्रिल

चि. धाकट्यास,
ताईचे अ. आ. भिंगरीला गोड पापा. भावजयीलाही आशीर्वाद, आणि ते वाक्य मी दोनदा नाही, तीनदा वाचलं असं तिला सांग.

फोन लावले. आता ऐक. पहिल्या हॉटेलात पाळीव प्राण्यांचं मनःपूर्वक स्वागत आहे. कुठल्या, असं विचारलं तर म्हणाले, पिंजऱ्यात मावणाऱ्या. साहेबाला मावेल असा पिंजरा म्हणजे सर्कशीतल्या वाघाकडूनच मागून आणावा लागेल. दुसऱ्या ठिकाणी कुत्रं चालतं, पण मांडीवर बसणारं हवं. मी म्हटलं, बसतो की, फक्त मांडी नंतर सापडत नाही. तिथल्या माणसाला हसू आलं नाही. तिसऱ्या हॉटेलातल्या बाईने दोघांचे स्वभाव विचारले, झोपायच्या वेळा विचारल्या, त्यांना गर्दीची भीती वाटते का, अनोळखी माणसं आवडतात का, हेही विचारलं. बरोबर एक आत्याबाईही येणार आहेत असं मी मुद्दाम सांगून पाहिलं. त्यांच्याबद्दल काहीच माहिती नको म्हणाली.

चौथा एक लॉजवाला भेटला. अगदी पार्कच्या फाटकासमोर आहे म्हणे. कुत्रा हा शब्द पुरता उच्चारूही दिला नाही. आमच्याकडे सक्त मनाई, गेटावर पाटी आहे, वाचता येत असेल तर या, असं बोलून फोन आपटला. इतका उर्मट माणूस बोर्डावरच्या इतक्या वर्षांत मला दोनदाच भेटला, आणि त्यातला एक सर्जन होता.

बाकी माझं म्हणशील तर कॅनव्हासचे बूट घेतले. दुकानदाराने कोणासाठी असं विचारलं, तेव्हा मी पाय पुढे केला. हसू नकोस. त्या पार्कात एक रोलर कोस्टर आहे, तिचा फोटो भिंगरीने मला पाठवला होता, तो आता आरशात खोचलाय. मला तिच्यात बसायचंय आणि तेही पहिल्या बाकावर, जिथे पुढे कोणाची पाठ नसते. डॉक्टरांना विचारून आले. गुडघ्याचा आणि त्या गाडीचा काही संबंध नाही, कारण त्यात चालायचं नसतं, असं ते म्हणाले.

तुला तळ्यावरची ती सहल आठवते का? तू होडीत पुढे बसला होतास आणि मी काठावर सगळ्यांच्या पिशव्यांपाशी. ताई जबाबदार आहे, ती सामानापाशी बसेल, असं बाबा म्हणाले होते. तेव्हापासून जिथे गेलो तिथलं सामान मी पाहिलं. पाहायच्या जागा तुम्ही पाहिल्या. यंदा मी सामान होऊन येणार नाही, एवढं फक्त आधी कळवून ठेवते.

हॉटेल शोधत राहा. माझ्यावरची माया पत्रातल्याइतकीच प्रत्यक्षातही राहो.

तुझी
ताई


दि. १८ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हॉटेल मिळालं! हिनेच शोधलं. तिथे कुत्र्यांना कुत्रे म्हणायचीच बंदी आहे, चार पायांचे पाहुणे म्हणायचं. त्यांना गाद्या, नावं घातलेले टॉवेल, उतरल्याबरोबर बिस्किटं, संध्याकाळी अंगाला ब्रश. आपल्याला एक साबण. भाडं ऐकून मी जरा बसून घेतलं, पण ही म्हणाली, मुक्या जिवांवरचा खर्च काढू नये.

तुझ्यासाठी तळमजल्यावरची प्रशस्त खोली घेतली आहे. खिडकी, बाग, सगळं काही. साहेब आणि कारकून तुझ्याच खोलीत राहतील. त्यांना तुझा फार लळा, तू नुसती बसलीस तरी ते शांत राहतात. येताना वाचायला भरपूर पुस्तकं आण. विणकामही आण. पार्कात ऊन फार असतं म्हणतात आणि गर्दी तर विचारू नकोस. रोलर कोस्टरचं जरा सबुरीने घे. आमच्या ऑफिसातल्या एकाच्या सासऱ्याची मान त्यात बसल्यापासून वाकडी झाली ती झालीच. खरा आनंद शेवटी सगळे एकत्र असण्यात असतो, नाही का?

आपली माया अशीच निर्धास्त असू दे.

तुझा
धाकटा

ता. क. आत्या, मी भिंगरी. बाबांनी पाकीट चिकटवायला दिलं म्हणून लिहिते. पहिल्या बाकावर दोघांनाच जागा असते. एक तू, एक मी. मान वाकडी झालेले ते आजोबा रोलर कोस्टरमध्ये नाही, बाथरूममध्ये पडले होते.


दि. २५ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. आ. ते कमी पडू नयेत म्हणून भिंगरीला वेगळे.

तुझ्या त्या चार पायांच्या पाहुण्यांच्या हॉटेलला काल फोन लावला. माझं काम साधं होतं, आंघोळीला गरम पाणी सकाळी किती वाजता येतं ते विचारायचं होतं. काउंटरवर एक गोड मुलगी होती. तुझं नाव सांगताच तिला इतका आनंद झाला की मलाच संकोच वाटला. म्हणाली, अय्या, म्हणजे कुत्र्यांपाशी बसणाऱ्या आत्या त्या तुम्हीच का! तुमच्यासाठी खिडकीजवळ आरामखुर्ची टाकायला सांगितलीय.

मी काहीच बोलले नाही. गप्प राहिलं की पलीकडचं माणूस आपोआप सगळं ओकतं, हे बोर्डावर पहिल्या महिन्यात शिकायला मिळतं. तिने सगळं सांगितलं. कुत्र्यांना खोलीत एकटं ठेवायचं नाही, हा त्यांचा कडक नियम. पार्कात कुत्र्यांना प्रवेश नाही, हा पार्कचा. पण तुमच्या भावजयींनी आधीच सांगून ठेवलंय, आत्यांना गर्दी सोसत नाही, त्यांना बसून राहायलाच आवडतं. नशीबवान आहात हो, इतकं जपणारं माहेर आहे तुम्हाला.

म्हणजे चौदा वर्षांनी माझं नाव निघालं ते असं. धाकट्या, तू विम्यातला माणूस. अट तळाशी लिहायची आणि गिऱ्हाईकाने सही केल्यावर चष्मा द्यायचा, ही तुझी रीत. पण सख्ख्या बहिणीची पॉलिसी काढताना निदान कुत्र्यांच्या नावाने हप्ता मागायचा नव्हता.

रागावून घरी बसेन असं वाटत असेल तर तो आनंद तुम्हाला मिळणार नाही. मी येणार. फक्त त्या खोलीत उतरणार नाही. चौथा लॉजवाला आठवतो, फोन आपटणारा? त्याला पुन्हा फोन केला. माझ्याबरोबर कुत्रं नाही, कुत्र्याचा केसही नाही आणि मला कुत्र्यांना सक्त मनाई असलेलीच जागा हवी आहे, असं सांगितलं. इतका विरघळला की विचारू नकोस. फाटकासमोरची खोली दिली. एक पलंग भिंगरीसाठीही आहे, तिला पाठवायचं असेल तर पाठव.

मग कुत्र्यांपाशी कोण बसणार, हा प्रश्न तुमचा. साहेबाला विचारा. निर्णय घ्यायचे नसतात म्हणूनच तर तो साहेब आहे.

लोभ कमी झालेला नाही, फक्त त्याची खोली बदलली आहे.

तुझी
ताई


दि. १४ मे
मुक्काम हॉटेल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रस्त्यापलीकडे राहणाऱ्या बहिणीला पत्र लिहितोय, पण फोन हिच्याकडे आहे, फोटो काढायला. हॉटेलच्या कागदावर कोपऱ्यात कुत्र्याचा पंजा छापलाय, त्याला माझा इलाज नाही. काउंटरवरच्या मुलीकडे देतो, ती पोचवेल. ती मला आता आत्यांच्या जागेवरचे काका म्हणते.

पहिला दिवस माझा, दुसरा हिचा, असं ठरलं होतं. काल संध्याकाळी ही पार्कातून आली ती पायांना गोळे आलेत म्हणून, आणि सकाळी ते गोळे पुन्हा पार्कात गेले. मी खुर्चीतच. खुर्ची चांगली आहे. पुस्तक आणलं नव्हतं. तुला आण म्हणून लिहिलं होतं, स्वतःचं काही सुचलं नाही.

खिडकीतून रोलर कोस्टरचा वरचा तुकडा तेवढा दिसतो. गाडी चढते, टोकावर क्षणभर थांबते आणि दिसेनाशी होते. मग नुसता आवाज. काल सकाळपासून किती किंकाळ्या ऐकल्या त्याला हिशेब नाही. माणसं सगळी सारखीच ओरडतात. पण आज अकराच्या सुमारास एक किंकाळी आली आणि साहेब उठून उभा राहिला. साहेब, ताई! वाढलेल्या ताटासाठी जो उठत नाही, तो. मग त्याने मान वर करून असा लांबच लांब सूर लावला, आणि कारकून त्याला साथ द्यायला लागला. शेजारच्या खोल्यांतल्या सगळ्या पाहुण्यांनी ते उचलून धरलं. मॅनेजर धावत आला. कोणीतरी वारलंय का, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, नाही, माझी बहीण पहिल्या बाकावर बसली आहे.

तळ्यावर त्या दिवशी काठावरून तुला काय दिसत होतं, हे मी कधी विचारलं नाही. भेटलो की विचारीन.

तुझा
धाकटा


दि. १४ मे, संध्याकाळ

चि. धाकट्यास,
अ. आ.

पाठ दिसत होती. तुम्हा सगळ्यांची. आता विचारू नकोस.

सोबत फोटो पाठवते. उतारावर त्यांचं यंत्र आपोआप काढतं आणि बाहेर पडताना विकत घ्यायला लावतं. भिंगरी सुंदर आली आहे. माझं फक्त तोंड आलं आहे. इतकी वर्षं लोकांशी हळू आवाजात बोलले, ते सगळं एकदम बाहेर पडलं बहुतेक. लॉजवाल्याने फोटो पाहून कपाळाला हात लावला आणि म्हणाला, कुत्र्यांना मनाई करून काय उपयोग झाला.

मी दोनदा बसले. तिसऱ्यांदाही बसले असते, पण पोटाने मनाई केली.

आता सांगते तसं कर. उद्या सकाळी मी तुझ्याकडे येते. साहेब-कारकुनापाशी मी बसेन, फक्त सकाळी. तू भिंगरीला घेऊन जा आणि पहिल्या बाकावर बस. दुपारनंतर भावजयीची पाळी. हे तिला तूच सांग. गोड बातमी आधी आणि अट शेवटी, हे तुला शिकवायला नको.

एवढंच कर, निघण्याआधी ती खुर्ची वळवून तिचं तोंड खिडकीकडे कर. आणि गाडी टोकावरून सुटली की मोठ्याने ओरड. तूच आहेस ना, हे साहेब मला सांगेल.

लोभ होताच. आता खुर्चीही सामाईक.

तुझी
ताई