संस्थेचं कपाट

३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे गुडघे कसे आहेत? भाचीच्या इमारतीत लिफ्ट आहे, तेवढं एक बरं झालं.

आपल्या नाट्यसंस्थेला चाळीस वर्षं होतायत आणि तिचा इतिहास लिहायचं काम समितीने माझ्या गळ्यात मारलंय. पहिली दोन प्रकरणं सोबत आहेत. छापखान्याच्या वरच्या हॉलमध्ये सरांनी संस्था काढली, कुणी कधी एक पैसा घेतला नाही, तिकिटं आपणच दारोदार विकली, सेट आपणच खांद्यावरून वर चढवला, हे सगळं आलंय. सरांचा नियमही आलाय: आपल्याकडे प्रॉम्प्टर नाही, ज्याला पाठांतर जमत नाही त्याने खुर्च्या मांडाव्यात. इतर नाटक मंडळ्यांत विंगेतून वाक्यं सांगणाऱ्या प्रॉम्प्टरची कुजबुज पहिल्या रांगेला नटाच्या आधी ऐकू जायची, हे मी जरा चवीने लिहिलंय.

दुसरं प्रकरण कपाटाचं. जाळीच्या दाराचं ते कपाट आपल्या प्रत्येक नाटकात असतं, आणि समीक्षक त्याला 'समाजाचं बंद मन' म्हणतात. आता ते लेटरहेडवरही आलंय. पुस्तक वर्धापनदिनाला निघेल, आणि त्या दिवशीच्या नाटकात मी न्यायाधीश आहे. कपाट अर्थातच आहे.

वाचून मोकळेपणाने कळव. लोभाने तुझ्या गुडघ्यांसारखी कुरकुर करू नये, एवढीच विनंती.

तुझा,
धाकटा


११ जून

चि. धाकट्यास,
अनेक उ. आ.

गुडघे बरे आहेत. तुझा इतिहास वाचल्यापासून डोकं दुखतंय.

समाजाचं बंद मन म्हणे. अरे, त्या कपाटात मी बसत होते. स्टुलावर, गळ्यात बॅटरी अडकवून, मांडीवर संहिता घेऊन. सरांच्या बढाईला तडा जाऊ नये म्हणून प्रॉम्प्टरला कपाटात कोंडायची शक्कल सरांचीच. बोटीवरच्या नाटकात कपाट, जंगलातल्या नाटकात झाडाखाली कपाट. जंगलात हे कुणी नेऊन ठेवलं, असं एका शहाण्याने विचारलं नाही. उलट व्याख्यानं झाली. मला एकदा आत शिंक आली, तर तुमच्या त्या समीक्षकाने तिच्यावर अर्धा स्तंभ लिहिला.

आणि काय ते तुमचे पाठांतरवाले नट. नायकाला नाटकातल्या बायकोचं नाव आठवायचं नाही. तू स्वतः दर अंकात दोनदा तरी कपाटाला टेकून उभा राहायचास, आणि त्याला लोक सहज अभिनय म्हणायचे. मी संस्था सोडल्यावरही तुम्ही ते रिकामं कपाट जिन्याने वर चढवताय, हे वाचून हसावं की रडावं कळेना. नव्या मुलांना ठाऊक नाही, हे समजू शकते. पण तुला तर ठाऊक होतं ना? हमालीची एवढी हौस असेल तर माझ्या लेकीचं सामान हलवायचंय, ये.

सर गेले, आता त्यांच्या शब्दाची अब्रू जायची नाही. मला सत्कार नको, फोटो नको. पुस्तकात एक वाक्य हवं: कपाटात माझी ताई होती. इतकी वर्षं मी त्या अंधारात घालवली, तेवढं तरी माझं असू दे. छापलंस तर त्याला इतिहास म्हणेन, नाहीतर रद्दी.

आशीर्वाद आहेतच. ते तुझ्या लेखनाला लागू नाहीत.

तुझी,
ताई


२० जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं वाक्य समितीपुढे ठेवलं. अध्यक्षांचा चेहरा पडला. ते म्हणाले की हे छापलं तर संस्थेची चाळीस वर्षांची ख्याती धुळीला मिळेल. चिटणीसांना आधी लेटरहेड आठवलं. शेवटी असं ठरलं की हे या खोलीबाहेर जाऊ द्यायचं नाही. नेपथ्य करणाऱ्या नव्या मुलीलासुद्धा सांगायचं नाही, कारण तिने कपाटावर प्रबंध लिहिलाय. मी भांडायला हवं होतं. भांडलो नाही.

आता खरं सांगतो. परवा तालमीत निकालाच्या भाषणात तिसऱ्याच वाक्याला अडकलो. पोरांना वाटलं मी विराम घेतोय, एकाने तर वहीत टिपून घेतलं. ताई, आत काहीच नव्हतं. घरी पाठ म्हणतो तेव्हा सगळं येतं, उभा राहिलो की पाटी कोरी. डॉक्टर वयाकडे बोट दाखवतात. मला भीती वाटते. हे माझं शेवटचं काम, ते तरी नीट व्हावं.

कोणत्या तोंडाने विचारू? पण विचारतो. कपाटात येऊन बसशील का?

लोभ उरला असेल तर तो, नाहीतर दया असावी.

तुझा,
धाकटा


२६ जून

चि. धाकट्यास,
अनेक उ. आ.

पुस्तकात मला जागा नाही, आणि त्याच पुस्तकाच्या समारंभाला मी कपाटात बसायचं. निर्लज्जपणालाही काही माप असतं.

येते. तुझ्या त्या समितीसाठी नव्हे, तिला मी खुर्च्या मांडायलाही ठेवलं नसतं. चाललेलं नाटक पडलेलं मला बघवत नाही, आणि तू घाबरलेला तर लहानपणापासून बघवत नाही.

स्टुलावर उशी ठेव. कपाट तुझ्या उजव्या हाताला हवं, डाव्या कानाने तुला ढोलसुद्धा ऐकू येत नाही. बाकी भेटीत ऐकवीन.

तुझी,
ताई


१५ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

प्रयोगानंतर न भेटताच निघून गेलीस. भाची म्हणाली की तू पोचलीस आणि कुणाशी बोलत नाहीस. रागावण्याचा तुला हक्क आहे.

कपाट डावीकडे का गेलं ते सांगतो. नेपथ्याच्या त्या मुलीला रंगमंचाचा समतोल हवा होता. मी म्हणालो, उजवीकडे ठेवायची परंपरा आहे. ती म्हणाली, मग आपण परंपरेला नवं परिमाण देऊ. कारण सांगायची मला बंदी. मी गप्प बसलो आणि मरायची वेळ आली.

निकालाला अडकलो. तू सांगत असशील हे कळत होतं, पण एक अक्षर कानावर येईना. सगळा हॉल माझ्याकडे बघतोय. तेवढ्यात कपाटाचं दार उघडलं आणि तू बाहेर आलीस, गळ्यात बॅटरी, एक हात गुडघ्यावर, दुसऱ्यात संहिता. माझ्यासमोर उभी राहून तू ते वाक्य सांगितलंस. मला ऐकू आलं, ताई. पण मी ते घेतलं नाही. मी लोकांकडे वळून म्हणालो, ही माझी ताई आहे, माझी सगळी वाक्यं हिची आहेत. पुढचं बोलवेना, तर कुणीतरी पडदा टाकला.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. समीक्षकाने लिहिलंय की समाजाचं बंद मन अखेर बोलतं झालं. एकालाही ते खरं वाटलं नाही. समितीला हा शेवट इतका आवडलाय की पुढच्या प्रयोगांना तोच ठेवायचाय. तुझ्या गुडघ्यांमुळे 'ताई'च्या भूमिकेसाठी जरा तरुण बाई शोधतायत. पुस्तक तुझ्याशिवाय छापून आलं. लेखक म्हणून माझं नाव घालू द्यायला मी नकार दिला, पण तोवर उशीर झाला होता.

रागाच्या खाली थोडा लोभ सापडला तर कळव.

तुझा,
धाकटा


२२ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक उ. आ.

त्या तरुण बाईला सांग, कपाटात झुरळं आहेत आणि समितीत त्याहून मोठी. समीक्षकाला काही सांगू नकोस, त्याचा धंदा बसेल. पुस्तकाची एक प्रत पाठव, स्वयंपाकघरातलं टेबल डुगडुगतंय.

मी रागावले नव्हते. तुझ्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून निघाले. यापुढे अडलास तर फोन कर, उजव्या कानाला लावून. घरातल्या माणसांची नावं विसरलास तरी सांगेन.

एक मात्र ऐक. तू लोकांकडे वळून बोलायला लागलास तेव्हा मी सवयीने संहितेत बोट फिरवत होते, हा कुठे पोचला ते बघत. पान उलटलं, पुन्हा मागे आले. ओळ सापडेना. मग लक्षात आलं. इतक्या वर्षांत तू स्टेजवर बोललेलं हे पहिलं वाक्य, जे मी तुला सांगितलेलं नव्हतं.

तुझी,
ताई