आक्का, तुझ्या गळ्यावरचा पट्टा

प्रिय आक्का,

काल दुपारी मनीषाचा फोन आला. तुझ्या सुनेचा. आधी इकडचं तिकडचं बोलली, पाचवा महिना लागला म्हणाली, आणि मग हळूच म्हणाली, "मावशी, आक्कानी ती मानले लावानी क्रीम, तिन्हं नाव काय शे? मन्हा गळाले बी तसाच पट्टा व्हयेल शे."

तू गेल्यापासून आठ महिन्यांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. लिहायला काही नव्हतं असं नाही. धीर नव्हता. काल तिच्याही गळ्याला तुझ्यासारखाच पट्टा आलाय हे ऐकून फोन ठेवला, त्यानंतर मात्र अक्कलकुव्याच्या या खोलीत मला बसवेना. म्हणून आज लिहितेय, आणि गोड गोड लिहिणार नाहीये, आधीच सांगते.

मनीषाने तुझ्या तेराव्याला सगळ्या भाऊबंदांसमोर तुझं व्रत उचललं. तुला कुठून कळणार? एक वेळ जेवण. कोरडी ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा, तोही दाण्यांशिवायचा. डाळ नाही, दूध नाही, अंडं तर नाहीच. पुढे तिला दिवस राहिले आणि सगळं कळसाडी गाव म्हणायला लागलं की आक्काने जीव दिला अन् नातू मागून घेतला. झालं. आता बाळ होईपर्यंत ती पोर व्रत सोडायला तयार नाही. पोटुशी बाई, आक्का. दिवसाला दीड भाकर.

तू हे कशाला सुरू केलंस गं?

भूषणच्या लग्नाला चार वर्षं होऊन पाळणा हलेना, म्हणून तू कुळदेवीला बोललीस. ठीक आहे. माणूस बोलतं. पण नारळ बोलायचा, चोळी-बांगडी बोलायची, पायी जाईन म्हणायचं. तू स्वतःचं ताटच देऊन टाकलंस. कळण्याच्या भाकरीत उडीद असतो म्हणून तीसुद्धा बंद केलीस. घरात दोन म्हशी, माळ्यावर भुईमुगाच्या शेंगांची पोती, आणि घरची मोठी बाई भाकर पाण्यात भिजवून खातेय. का, तर जिभेला ठेचा झोंबतो. जीभ लालबुंद झाली होती तुझी. आम्ही म्हणालो, मिरची तिखट आहे यंदाची.

मी एकदा बोलले होते, आठवतं? संक्रांतीला आले होते तेव्हा. "आक्का, निदान वाटीभर डाळ घे." तू हसलीस. "नंदे, तुन्हं शिकवनं तुन्ह्या पाड्यावरल्या बायास्ले सांग. मन्हं देवले सांगेल शे."  मोठी बहीण तू. तुझ्यापुढे माझं तोंड कधी चाललंय?

खरं सांगू? तुलाही ते आवडायला लागलं होतं. रागावू नकोस. आयुष्यभर त्या घरात तू शेवटी जेवलीस, उरलंसुरलं जेवलीस, कोणी विचारलं नाही. व्रत धरल्यावर बायका तुझ्या पाया पडायला लागल्या. दाजी चारचौघांत सांगायचे, "आमच्या मंडळींचं व्रत लई कडक आहे बुवा." ज्या माणसाने कधी तुला पाण्याचा तांब्या दिला नाही, तो तुझ्या उपाशी राहण्याची फुशारकी मारत होता. आणि तू पदर सावरून लाजत होतीस. मला तेव्हाच चीड आली होती. 

आता माझं ऐक. तुझ्यापेक्षा माझं पाप मोठं आहे.

पंधरा वर्षं मी अंगणवाड्यांची मुख्यसेविका आहे. सातपुड्याच्या पाड्यापाड्यांवर चित्रांचा तक्ता घेऊन हिंडते. कोपर-गुडघ्यांवर काट्यासारखे खरखरीत दाणे दिसले तर 'अ' जीवनसत्त्व कमी, म्हणून शेवग्याचा पाला खा. ओठांचे कोपरे चिरले तर 'ब' कमी. जखम लवकर भरत नाही, हिरड्यांतून रक्त येतं, तर आवळा खा, लिंबू पिळा. कातडी फिकट पडली तर लोह. पाय सुजले, कातडी सोलून निघायला लागली तर प्रथिनं. "बायांनो, पोटात काय जातं ते कातडी सांगते," हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेन! पाड्यावरच्या बाईच्या गालावर पांढुरका डाग दिसला तरी मी तिला खोदून खोदून विचारते, काल काय खाल्लंस, परवा काय खाल्लंस.

तुला एकदाही विचारलं नाही. तू पाटलांच्या घरची. ऊस, कापूस, म्हशी. तुझ्या घरात कुपोषण कसं असेल?

तुझ्या गळ्याभोवती तो काळपट पट्टा आला, अगदी मंगळसूत्राची पोत जिथे टेकते तिथे. मी बघितला आणि लगेच डॉक्टरीणबाई झाले. "ही एक ग्रॅमची पोत आहे ना, त्याची ॲलर्जी. मंगळसूत्र खरं सोन्याचं पाहिजे." शहाद्याच्या सोनाराकडून पोत करून आणली, मेडिकलमधून क्रीम आणली, आणि बहिणीसाठी काहीतरी केलं म्हणून खूश होऊन परत आले. सोन्याच्या पोतीखालीही पट्टा वाढतच गेला. मग हातांवर आलं. तू म्हणालीस कापूस वेचताना फवारणीचं औषध लागलं, मी म्हटलं, "असेल."

एक गोष्ट मी डोळ्यांनी बघितली होती, आक्का. तुझ्या चोळीची बाही जिथे संपते, बरोब्बर तिथून कातडी काळी, जाड, भेगाळलेली. बाहीच्या आत मऊ आणि स्वच्छ. पायांचंही तसंच. जिथे ऊन लागतं तिथेच. माझ्या तक्त्यावर ते चित्र नाही, पण प्रशिक्षणात एकदा दाखवलं होतं. नुसती ज्वारी नाहीतर नुसता मका खाणाऱ्यांना होतं, असं सांगितलं होतं. मी वहीत लिहूनही घेतलं होतं.

लहानपणी थंडीत सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेला निघताना माझे गाल फुटायचे. तू माझी हनुवटी धरून गालांना लोणी चोळायचीस. मी तोंड वाकडं करायचे, तू चापट मारायचीस. माझ्या गालावरची भेग तुला लांबून दिसायची. मला तुझं अख्खं अंग दिसलं नाही.

शेवटी तर जुलाब थांबेनात. चहात मीठ टाकलंस, भूषणला त्याच्या आजोबांच्या नावाने हाक मारलीस. घरचे म्हणाले, देवात मन लागलंय. देवात! मी रजा टाकून आले आणि तुला गाडीत घालून नंदुरबारला नेलं तेव्हा तुझं वजन एखाद्या पोरीएवढं लागलं हाताला.

डॉक्टरांनी तुझा पदर जरा बाजूला केला, मान बघितली, हात बघितले आणि एकच विचारलं, "या काय खात होत्या?" दाजींनी छाती काढून व्रत सांगितलं.  डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, एक जीवनसत्त्व अजिबात पोटात गेलं नाही, नायसिन म्हणतात त्याला. शेंगदाण्यांत असतं, डाळीत, अंड्यात, मटणात, आणि दुधातूनही शरीर ते थोडं बनवून घेतं. वेळेवर आणलं असतं तर साध्या गोळ्यांनी आणि नीट जेवणाने त्या उठून बसल्या असत्या. मग माझ्या गळ्यातलं ओळखपत्र बघून म्हणाले, "तुम्ही याच कामात आहात ना?"

तिसऱ्या दिवशी तू गेलीस. काळीज थकलं होतं म्हणाले; औषध चालू होतं, पण त्याचा गुण यायला तू थांबलीच नाहीस.

घरी मी काय सांगितलं माहीत आहे? "पोटाचं दुखणं होतं, वाढलं." बस, एवढंच. तुझ्या व्रताला डाग नको, दाजींना बोल नको, असं मनाला समजावलं. खरं कारण वेगळंच. मुख्यसेविकेची सख्खी बहीण भरल्या घरात खाण्यावाचून मेली, हे लोकांना कळलं असतं तर मी पाड्यावर कुठल्या तोंडाने जाणार होते? मी माझी अब्रू वाचवली. गेल्याच महिन्यात मोलगीकडच्या एका बाईने बैठकीत विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे असं होत नाही ना?" मी "नाही" म्हणाले आणि पुढचं चित्र उलटलं.

त्या एका खोट्यामुळे मनीषा आज उपाशी आहे. तिला कोणी सांगितलंच नाही की तिची सासू कशाने गेली. तिला वाटतंय देवाने नेली. तिचा तरी काय दोष? आणि पोटातल्या जिवाचा?

तर आता वचन देते, आणि तुला आवडणार नाही ते. उद्या पहिल्या बसने कळसाडीला जातेय. ओट्यावर दाजी, भूषण, तुझ्या पाया पडणाऱ्या सगळ्या बाया बसवून डॉक्टरांनी सांगितलेला शब्द न् शब्द सांगणार आहे. मी लपवलं तेही सांगणार. मनीषाला माझ्यासमोर जेवायला बसवीन आणि तसंच दवाखान्यात नेईन. ती रडेल, म्हणेल की आक्कांचं पुण्य बुडेल. मी म्हणणार आहे, बुडू दे. दाजी मला घराबाहेर काढतील. गाव तुझ्या नावाने जो काही उदो उदो करतंय तो उद्या संध्याकाळपर्यंत संपेल, आणि तो मी संपवलेला असेल.

तू वर बसून माझ्यावर रुसलीस तरी चालेल. माझी एक बहीण उपाशी मारून झाली आहे, आता तिची सून मारायची नाही.

तुझीच,
नंदी