गाडी चालूच होती

४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

दोन महिने झाले, तुम्ही फोन उचलत नाही. निरोप पाठवून विचारलं तर म्हणता, फोन बिघडलाय. म्हणून शेवटी पत्र. बातमी अशी, की नवी हॅचबॅक घेतली. आपल्या पहिल्या गाडीचा, निळीचा, चोक ओढून ओढून आईची बोटं दुखायची, आठवतं? नंतरच्या पांढरीला एसी लावला की ती चढावर धापा टाकायची. ही एसीसकट गुमान चढते. स्टिअरिंग एका बोटाने फिरतं. मागची काच मात्र एवढीशी, आणि डिकीत दोन पिशव्या ठेवल्या की जागा संपली.

एकच खोट आहे. रोज एकटी ऑफिसला निघाले की कुठूनतरी टकटक येते. शोरूमवाले म्हणतात, काही नाही. तुम्ही चाळीस वर्षं गॅरेजात नुसत्या कानाने गाड्या तपासल्यात. त्या कानाने पास केल्याशिवाय आपल्या घरात गाडी राहिलेली नाही. रविवारी या आणि ऐका.

माया आहेच, ती अशीच असू द्या.
तुमची ठकू

११ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

रविवारी तुझ्याकडून निघून सुखरूप घरी पोचलो. गाडी झकास आहे. निळी कोपऱ्यावर आली की तुझी आई आवाज ऐकून चहाचं आधण ठेवायची. या गाडीच्या भरवशावर राहिली असती, तर मला चहाच मिळाला नसता! इंजिन सुरू आहे हेच कळत नाही. सीट उंच, त्यामुळे उतरताना गुडघे कुरकुरले नाहीत. टकटक मात्र मला काही ऐकू आली नाही. तुझे कान लहानपणापासून तिखट, त्यात मनाचे खेळ. इकडे अवघड गाडी आली की गॅरेजातली मंडळी अजून मलाच बोलावतात, त्यामुळे वेळ बरा जातो.

लोभ असावा असं मुलीला काय लिहायचं? तो असतोच.
बाबा

१५ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

रागावू नका, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. रविवारी तुम्ही चालू गाडीला पुन्हा चावी मारलीत. स्टार्टर असा किंचाळला, की शेजारच्या काकूंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तुम्ही मात्र हसून म्हणालात, वा, काय शांत गाडी. मी तुमच्या शेजारच्याच सीटवर होते. टकटक त्या दिवशी आलीच नाही, ते सोडा. फोन बिघडलेला नाही, बाबा. तुम्हाला तो ऐकू येत नाही. तुम्ही रस्त्याने चालता, मागून हॉर्न वाजतात, मला भीती वाटते. आवाज आल्या आल्या गाडी दाखवायला आणणाऱ्या गिऱ्हाइकाला तुम्ही शहाणं म्हणायचात. कानांच्या डॉक्टरांकडे जा. एवढा हट्ट पुरवा.

तुमचीच,
ठकू

९ एप्रिल

चि. ठकूस,
अ. उ. आ.

पंधरा दिवस तुझ्यावर चिडून होतो. मग गेलो. दोन्ही कानांत मशीन बसलं. खरं सांगतो, मला दोन वर्षांपासून ठाऊक होतं. पूर्वी इंजिनाला लांब पेचकस टेकवून त्याची मूठ कानाला लावायचो. या दोन वर्षांत ती दातांत धरायचो, म्हणजे हाडातून कळायचं. बहिऱ्या मिस्त्रीला कोण विचारणार, याचीच लाज वाटायची. परवा गॅरेजात सांगून टाकलं. ते म्हणाले, आम्हाला केव्हाच कळलंय, आम्ही तुमच्या डोक्यासाठी बोलावतो.

म्हणून डोकं चालवलं. टकटक तू एकटी असतेस तेव्हाच येते. त्या रविवारी आली नाही, कारण शेजारच्या सीटवर तू पट्टा लावून बसली होतीस. एरवी तो पट्टा रिकामा लोंबतो आणि त्याचं बक्कल प्लास्टिकवर आपटतं. उपाय दोन. तिथे फोमचा तुकडा चिकटवायचा, नाहीतर त्या सीटवर माणूस बसवायचा. फोम माझ्याकडे पडलाय, पण आधी चार रविवार मीच बसून बघतो.

किती वाजता येऊ, ते फोन करून सांग. वाजला की उचलतो.
बाबा