हद्दीतला वाक

नागपूर, १२ ऑगस्ट १९८८

बाबा, जयभीम.

इथी आमी कागदी नकाशे कॉम्प्युटरात उतरवतो. काल आपल्या गावचा आला. तुमी साखळी ओढून मोजलेली जंगलाची हद्द मधातच वाकलेली. तवा नकाशा पक्का झाल्यावर तुमच्या साहेबाले तो वाक दिसला, अन् त्यानं तुमाले कामावरून काढलं. "चुकलो जी," इतकंच तुमी म्हणाले. शाळेत मले 'वाकड्या रेघेची पोरगी' म्हणत. मले तुमची लाज वाटे.

आज त्या हद्दीवर मी गावच्या शेतांचा नकाशा ठेवला. विधवा बायनाबाईची धानाची बांधी बरोबर त्या वाकात बसली. रेघ सरळ असती तर बांधी जंगलात गेली असती. दरवर्षी पहिले नवे तांदूळ ती आपल्याच घरी काऊन आणते, ते आज समजलं.

"ही रेघ सरळ कर," इथले आमचे सर म्हणाले.

मी म्हटलं, "सर, मोजणी बरोबर आहे."

हे पत्र टाकणार नाई. तुमाले आता दिसत नाई, अन् तुमची पत्रं जंगलाचा नाकेदारच वाचून दाखवतो. पोळ्याले येईन, तवा तुमचं बोट धरून नकाशावरल्या रेघेवरून फिरवीन. वाकापाशी जरा थांबीन.

तुमची,
वाकड्या रेघेची पोरगी
विशाखा