भिंतीवरचं दुसरं घड्याळ

बदलापूर, गुरुवार, १९९३

आज पुन्हा यांचा फोन चुकला. हे प्रवासी बोटीवर स्टुअर्ड. बोट ज्या बंदराला लागते तिथली वेळ मी भिंतीवरच्या दुसऱ्या घड्याळात लावते. फोन यांच्या रात्री आठला येतो, म्हणून त्यात आठ वाजले तशी शेजारच्या सिंधी भाभींकडे गेले. त्या म्हणाल्या, "अभी रखा. बोला, बंदर में भी जहाज का ही टाइम चलता है."

मग मी इतके महिने कुणाची वेळ लावत होते? त्या घड्याळात यांची झोपायची वेळ झाली की भांडी हळू घासायचे. म्हणजे हे खरे झोपायचे तेव्हा मी भांडी आपटत होते. कंटाळा आला. त्या घड्याळात अकरा वाजले तेव्हा ते उतरवायला स्टूल ओढलं, तर सासूबाई त्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "आवाज नको गं. झोपला असेल तो."